डावीकडे दोन बोटं

आत्या टोपलीत नापास झाली ती एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. तिला नापास करणारी मोजपट्टी तिच्या पायातल्या चपलांपेक्षाही वयानं लहान होती.

"आजी, तुमची टोपली सरळ आहे," योजनेच्या मॅडम म्हणाल्या.

"आहे ना," आत्या म्हणाली. तिला वाटलं, कौतुक चाललंय.

"तसं नाही. ती डावीकडे झुकायला हवी. दोन बोटं. आणि बुडाजवळ छिद्र नाही."

"छिद्र कसं असेल? मी केलीय ती."

मॅडमनी पुस्तिकेचं पान उलटलं. त्या वाईट नव्हत्या. वाईट माणसाला असा घाम येत नाही. "आणि कडेवर दंतनक्षी नाही," त्या हळूच म्हणाल्या, जणू घरातलं काही बोलतायत.

आत्यानं शेजारी बसलेल्या भाचीकडे पाहिलं. "काय म्हणतेय गं ही?"

"कड चावायची असते, आत्या. पुस्तिकेत तसं दिलंय."

"टोपली खायची?"

"खायची नाही, चावायची. मध्ये एका दाताची जागा सोडून."

भाचीला सगळे डावरी म्हणत, कारण ती डावखुरी होती आणि टोपलीवाल्यांत दुसरं डावखुरं कुणी नव्हतंच. ती टोपलीवाल्यांच्या मंडळाची सचिव होती. तिचं अक्षर चांगलं होतं आणि विणकाम वाईट. अशा माणसाला जगात कुठंही गेलात तरी सचिवच करतात.

योजनेचं नाव 'मूळ रहिवासी आर्थिक उन्नती योजना' असं होतं. मूळ रहिवासी म्हणजे या डोंगरात जे सगळ्यांच्या आधी आले आणि ज्यांची फाइल सगळ्यांच्या शेवटी निघते ते. योजनेतून टोपलीवाल्यांना पत्र्याची एक शेड मिळाली, दोन पंखे मिळाले, त्यातला एक फिरायचाही, आणि चव्वेचाळीस खुर्च्या मिळाल्या. टोपली जमिनीवर बसून विणतात. बूड पायाच्या अंगठ्यानं दाबून धरावं लागतं, आणि खुर्चीवर बसून ते करायचं तर माणूस वानर तरी हवा. म्हणून खुर्च्यांवर ओला वेत वाळत घातला जाई आणि माणसं खाली बसत. फोटो काढायला कुणी आलं की वेत खाली आणि माणसं वर.

शेड, पंखे, खुर्च्या हे सगळं आत्याच्या लेखी हवेत गेलं तरी चाललं असतं. खरा प्रश्न ओळखपत्राचा होता. यंदापासून डोंगराच्या फाटकातून आत जाऊन वेत कापायचा तर 'पारंपरिक कारागीर' असं ओळखपत्र लागणार होतं. ज्याच्याकडे नाही त्यानं फाटकाबाहेर उभं राहून डोंगर बघावा. त्याला मनाई नव्हती. आत्या पन्नास वर्षं त्या रानात जात होती. लोक कपाळाला हात लावून ताप सांगतात, तशी ती वेताला हात लावून त्याचं वय सांगायची. तिच्या टोपलीत पाणी ओतलं तर ते आधी जरा विचार करायचं, मग गळायचं. त्या दिवशी चव्वेचाळीस जण परीक्षेला बसले. त्रेचाळीस पास झाले.

त्रेचाळीस जणांनी दोन महिने पुस्तिका पुढ्यात ठेवून वाकडं विणायचा सराव केला होता. आत्यानं पुस्तिका उघडलीही नव्हती. "मला टोपली शिकवायला कागद?" म्हणून तिनं ती पाटाच्या एका आखूड पायाखाली सरकवली होती. पाट तेवढा सरळ झाला. आत्याचा नवरा, म्हणजे डावरीचे आतोबा, यांच्या तोंडात एकही दात नव्हता. तेही पास झाले. त्यांनी शेजाऱ्याची कवळी मागून आणली होती. मॅडमनी पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, पण दात कुणाचे असावेत याबद्दल तीत एक अक्षर नव्हतं.

आणि डावरी? ती तर केवळ चव्वेचाळीसचा आकडा भरायला बसली होती. तिनं सराव केला नव्हता, पुस्तिका इतरांना एकदा वाचून दाखवली होती तेवढीच, आणि आपली नेहमीची फजिती विणून कड तेवढी इतरांसारखी चावून ठेवली होती. मॅडमनी तिची टोपली मापली, पुन्हा मापली, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा मापली.

"शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "ओळखपत्र क्रमांक एक."

शेडमध्ये असा आवाज झाला की बंद पंखाही जरासा हलला असावा.

अधिकृत नमुना त्या दिवशी पहिल्यांदाच गावात आला होता. काचेच्या पेटीत, कुलूप लावून. आतापर्यंत सगळ्यांनी त्यावरून काढलेली पुस्तिकेतली मापंच पाहिली होती. लोक पांगले तशी डावरी पेटीजवळ गेली. आतली टोपली डावीकडे कलली होती, तिला त्या बाजूनं कुणी हाक मारल्यासारखी. बुडाजवळ एका पट्टीची जागा रिकामी होती. कडेवर दातांच्या बारीक खुणा होत्या आणि त्या खुणांच्या मधोमध एक फट. डावरीनं नकळत जिभेनं आपला पुढचा दात चाचपला. तो आता होता. सातव्या वर्षी नव्हता.

तिनं काचेला कपाळ टेकवून पुन्हा पाहिलं.

टोपलीवाल्यांत कामाची एक रीत होती. शिकाऊ हाताची पहिली टोपली घरात ठेवायची नाही. ठेवली तर हात तिथंच रुतून बसतो, पुढं सरकत नाही. विकायचीही नाही, कारण थोडी लाज हवी. ती द्यायची फुकट, आणि तीही अशा माणसाला की जो परत येणार नाही. वाट चुकलेल्यांना अशा टोपल्या मिळत, बदली होऊन चाललेल्या मास्तरांना मिळत. एकदा तर स्वतःच्या लग्नातून पळून चाललेल्या नवरदेवाला मिळाली, त्यानं ती डोक्यावर पालथी घालून तोंड लपवलं आणि ती टोपली तेवढी एकदा कामी आली. अठरा वर्षांपूर्वी एक पाहणीवाला डोंगर चढून आला. उन्हानं लाल झालेला. "तुमची एखादी अस्सल टोपली द्याल का?" असं त्यानं विचारलं. आत्यानं त्याच्या बुटांकडे पाहिलं. तळ सुटून दोन्ही बूट आ वासून हसत होते. हा माणूस पुन्हा काही हा डोंगर चढत नाही, असं तिनं ताडलं आणि घरात जाऊन सात वर्षांच्या डावरीची, रागानं कड चावलेली पहिली टोपली त्याच्या हातात ठेवली.

आत्याचा अंदाज चुकला नाही. तो माणूस परत आला नाही. त्याचा अहवाल आला.

घरी आत्या वेत सोलत बसली होती. रागात ती फार सुंदर सोलायची. सालीची फीत एकसारखी, न तुटता, दारापर्यंत गेली होती. आतोबा कवळी धुऊन फडक्यात बांधत होते, परत द्यायला.

"आत्या," डावरी म्हणाली, "पेटीतली टोपली माझी आहे."

"कुठल्या पेटीतली?"

"सरकारच्या. तो नमुना माझा आहे. तू त्या बूटवाल्याला दिलेली ती."

आत्यानं सुरी खाली ठेवली. मग ती हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला, आतोबांनी तिच्या पाठीवर थापट्या मारल्या, ती पाणी प्यायली, पुन्हा हसली. मग एकदम थांबली.

"म्हणजे तुझ्या पहिल्या टोपलीनं मला नापास केलं?"

"हो."

"तेव्हा मी काय म्हणाले होते, आठवतं?"

"म्हणालीस, ही टोपली नव्हे, अपघात आहे."

"मग मी पन्नास वर्षं करतेय ते काय?"

उत्तर आतोबांना सुचलं. "पुस्तिकेच्या हिशेबानं," ते म्हणाले, "अपघात तू आहेस."

"तुम्ही आधी ते दात परत देऊन या."

फेरपरीक्षा एकदाच होती, पंधरा दिवसांनी. ती हुकली की ओळखपत्र नाही, आणि ओळखपत्र नाही म्हणजे फाटक कायमचं बंद. घरात वेताच्या दोन मोळ्या उरल्या होत्या. एरवी आत्या त्यातून आठ टोपल्या काढायची. आता त्यातून वाकडं विणायचं शिकायचं होतं, आणि शिकवायचं होतं डावरीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी अंगणात बसल्या. आत्यानं पदर खोचला होता आणि चेहरा असा केला होता, जणू दात काढून घ्यायला आली आहे.

"सुरुवात डावीकडून कर," डावरी म्हणाली.

"उलटी?"

"मला ती सुलटी आहे. आता इथं एक पट्टी सोड."

"का?"

"विसर म्हणून."

"मुद्दाम विसरायचं?"

"हो."

"मग ते विसरणं कसलं?"

"आत्या, वाद नको घालू. मी वाद घातला होता का शिकताना?"

"रोज! भोकाड पसरायचीस. चार घरं लांब ऐकू जायचं."

आत्यानं पट्टी सोडली. तीन फेरे पुढं गेली. मग कुणी मागून हाक मारावी तशी तिची बोटं मागं वळली, सोडलेल्या जागी गेली, तिथं एक पट्टी सरकवून परत आली. आत्या त्या वेळी शेजारणीशी बोलत होती. तिला पत्ताही नव्हता.

"भरलंस तू भोक," डावरी म्हणाली.

आत्यानं खाली पाहिलं. "मी नाही," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच्या घरचा आहे.

दुसऱ्या दिवशी तिनं उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली. टोपली सरळ झाली. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून विणली. आणखीच सरळ झाली. मग आतोबांनी सुचवलं की टोपली राहू दे, हिलाच दोन बोटं कलती बसवू. त्यांनी पाटाखालची पुस्तिका काढून घेतली. आत्या कलली, पाट कलला, टोपली मात्र पाटाचा तिरकेपणा वजा करून उभी राहिली. आठव्या दिवशी पहिल्यांदा एक टोपली खरोखर कलली, दोन नाही तरी दीड बोट. तिघांनीही श्वास रोखला. डावरीनं ती उचलून उन्हात ठेवली. वेत ओला होता. दुपारपर्यंत तो वाळला, आणि वाळता वाळता टोपली हळूहळू, कुणाला न विचारता, सरळ झाली.

आतोबा हसले. डावरीलाही हसू आलं होतं, पण तिची नजर आत्याकडे गेली आणि ते आतच राहिलं. आत्या दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून बसली होती.

"माझ्या आईनं," आत्या म्हणाली, "माझ्या बोटांवर छडी मारमारून जे घालवलं ना, ते तू मला परत शिकवतेयस."

"मी कुठं शिकवतेय? पुस्तिका शिकवतेय."

"पुस्तिकेला हात नाहीत. तुला आहेत."

एक मोळी संपली होती.

डावरी दोन गाड्या बदलून योजनेच्या कार्यालयात गेली. पिशवीत अर्ज होता, तिच्या चांगल्या अक्षरात: नमुना क्रमांक एक हा सदोष असून तो खाली सही करणारीनं वयाच्या सातव्या वर्षी, रडत रडत केलेला आहे. 'रडत रडत' हे तिनं आधी खोडलं होतं, मग पुरावा म्हणून परत लिहिलं होतं.

कार्यालयाच्या भिंतीवर योजनेचं चिन्ह रंगवलं होतं. दारापासून छतापर्यंत तिची टोपली. कलती, भोक पडलेली, दातांच्या खुणांसकट. रंगाऱ्यानं फटीभोवती किरणंही काढली होती. माणसं त्याखालून फायली घेऊन जात होती. आपण लहानपणी अंथरूण ओलं केलं असेल आणि कुणीतरी त्याचा झेंडा करून फडकवला असेल, तर माणसाला जसं वाटेल, तसं डावरीला वाटलं.

मॅडमनी अर्ज वाचला. "तुम्ही त्याच समाजाच्या ना?"

"हो."

"मग टोपली पारंपरिक झाली."

"पण वाईट आहे, मॅडम!"

"पुस्तिकेत वाईट असा रकाना नाही."

हे बोलून मॅडम उठल्या, त्यांनी दार लोटलं आणि परत येऊन बसल्या तेव्हा त्यांचा आवाज बदलला होता. "माझी आई तीस वर्षं कपडे शिवत होती. चुकलेला हात मला कळतो. पेटी उघडली त्या दिवशीच कळलं होतं."

"मग?"

"मग काय? नमुना रद्द केला की त्यावर दिलेली ओळखपत्रं रद्द. त्रेचाळीस. फाटक सगळ्यांना बंद, नवा नमुना मंजूर होईपर्यंत."

"किती दिवस लागतात मंजूर व्हायला?"

"या नमुन्याला अठरा वर्षं लागली."

आत्या सहासष्टची होती. डावरीनं मनात बेरीज केली आणि मग केलीच नाही असं दाखवलं.

"अर्ज पुढं पाठवू?" मॅडमनी विचारलं. त्यांनी अर्ज दोन्ही हातांनी पुढं धरला होता. देतायत की घेतायत ते कळत नव्हतं. "तुम्ही म्हणालात तर पाठवते. खरंच पाठवते."

डावरीच्या डोळ्यांपुढं त्रेचाळीस घरं आली. त्यातल्या निम्म्यांनी ओळखपत्राला प्लास्टिकचं पाकीट घातलं होतं, काहींनी ते भिंतीला लावलं होतं. तिनं अर्ज घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. जाता जाता तिनं चिन्हाकडे पाहिलं नाही, तरी चिन्ह एवढं मोठं होतं की न बघूनही दिसत होतं.

फेरपरीक्षेच्या दिवशी शेडमध्ये आत्या एकटीच परीक्षार्थी होती. नियमाप्रमाणे शंभर टक्केवाल्या कारागिरानं शेजारी बसून नमुना विणून दाखवायचा असतो, म्हणून डावरीही बसली. दाराशी आतोबा आणि गावातली दहाबारा माणसं. आत्यानं शेवटच्या मोळीतला चांगला वेत आणला होता. वाईट टोपलीला तरी वेत चांगला हवा, असं तिचं म्हणणं.

आत्यानं प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. तिनं दात ओठ खाऊन विणलं, आणि कड येताच उरलेल्या चार दातांनी ती चावलीही. वेतावर ओरखडासुद्धा उमटला नाही. पट्टी सोडायच्या जागी ती थांबली, सोडली, पुढं गेली. तिच्या मानेवरची शीर ताठली. सहाव्या फेऱ्याला हात मागं गेला. तिनं तो डाव्या हातानं धरून आणला. आठव्या फेऱ्याला पुन्हा गेला, आणि या वेळी तिनं धरला नाही.

दुपारी दोन टोपल्या शेजारी शेजारी तयार होत्या. डावरीची नेहमीसारखी, दारू प्यायल्यागत. आत्याची ताठ, कुणी शपथ घ्यायला उभं केल्यासारखी. दोन्हींना पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या दोरीनं बांधल्या होत्या, नावाच्या.

मॅडमनी आत्याच्या टोपलीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "मला जरा फोन करायचाय," आणि बाहेर गेल्या. फोन टेबलावरच होता.

डावरीला कळायला क्षणभर लागला. मग तिनं दोन्ही चिठ्ठ्या सोडल्या आणि अदलाबदल करून बांधल्या. अख्ख्या आयुष्यात तिनं इतक्या चपळाईनं दोरीची गाठ मारली नव्हती. दाराशी उभी माणसं छताकडे बघू लागली. छतात बघण्यासारखं काही नव्हतं, पण सगळ्यांनी ते मन लावून बघितलं.

मॅडम आत आल्या. त्यांनी चिठ्ठीवरचं आत्याचं नाव वाचलं आणि मोजपट्टी काढली. "झुकाव दोन बोटं. छिद्र आहे. दंतनक्षी…" त्यांनी कडेवरून बोट फिरवलं. "आहे. अभिनंदन, आजी." त्यांनी शिक्का उचलला.

"ही माझी नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, गप बस," डावरी पुटपुटली.

"गप काय? माझी ती आहे, पलीकडची. ही हिची आहे. आंधळासुद्धा सांगेल."

शिक्का हवेत थांबला. मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "आजी, मी काही विचारलंय का तुम्हाला? मी फक्त चिठ्ठी वाचली. शिक्का मारते, तुम्ही सही करा, उद्या रानात जा."

"अगं कर ना सही!" आतोबा दारातून ओरडले. "मी दुसऱ्याच्या दातांनी पास झालो, माझं काही झिजलं का?"

"दात दुसऱ्याचे होते," आत्या म्हणाली. "हात तुमचेच होते ना?"

आतोबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"आत्या," डावरी म्हणाली. "एक चिठ्ठी आहे फक्त. पुठ्ठ्याची. फाटक उघडतंय त्यानं. तुला रानात जायचंय ना?"

"जायचंय."

"मग?"

"मग काय मग? आत जाऊन वेत कापीन आणि बाहेर येऊन ज्याला त्याला सांगत फिरीन का, की बाबा, ते भोक मी ठेवलंय?" तिनं डावरीची टोपली उचलली, तिला बांधलेली आपल्या नावाची चिठ्ठी सोडली आणि स्वतःच्या टोपलीला बांधली. आत्याची गाठ साधी होती, पण ती सुटणार नव्हती. "मारा आता काय मारायचा तो शिक्का."

दहाबारा साक्षीदारांसमोर हे बोलणं झालं होतं. मॅडमनी दुसरा, नापासाचा शिक्का उचलला, आणि तो इतका हळू टेकवला की शाई अर्धीच उमटली.

मग त्या पुस्तिकेत काहीतरी शोधत बसल्या. सगळे ताटकळले. शेवटी एकेचाळिसाव्या पानावर त्यांना नववं कलम सापडलं: प्रत्येक ओळखपत्रधारक कारागिराला एक अकुशल मदतनीस सोबत नेता येईल. मॅडमच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की तो बघवेना. "आजी, तुम्ही रानात जाऊ शकता! भाचीबरोबर."

"काय म्हणून?"

मॅडमनी कागद पुढं सरकवला आणि 'अकुशल' या शब्दावर नेमका आपला अंगठा ठेवला. आत्याला वाचता येत नव्हतं. पण कुणी काय झाकतंय ते तिला कळत होतं. तिनं डावरीकडे पाहिलं, मग खिडकीतून डोंगराकडे, आणि सही म्हणून शिकलेली तीन अक्षरं काढली. तीही सरळ रेषेत.

दोन दिवसांनी दोघी फाटकाशी गेल्या. आत्या पुढं होती, पन्नास वर्षांच्या सवयीनं.

"कारागीर कोण?" फाटकवाल्यानं विचारलं. नवा होता, गणवेशाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"मी," डावरी म्हणाली. तो शब्द तिला स्वतःलाच चोरीचा वाटला.

"मग तुम्ही पुढं. मदतनीस मागं." त्यानं ओळखपत्र उलटं करून मागचा मजकूर मोठ्यानं वाचला. "मदतनीसाची कामं. एक, पाणी देणं. दोन, मोळी उचलणं. तीन, कारागिराच्या सूचना पाळणं. हत्यार हाती धरू नये." त्यानं आत्याच्या कमरेचा कोयता काढायला लावला आणि डावरीला दिला. पाण्याची बाटली डावरीच्या हातात होती, ती आत्याला दिली.

"बोट दाखवलं तर चालेल?" आत्यानं विचारलं. "की तेही इथं जमा करू?"

फाटकवाल्यानं मजकूर पुन्हा वाचला. "बोटाबद्दल काही नाही," तो म्हणाला, आणि पहिलाच आठवडा असल्यामुळे त्यांच्या मागोमाग आत आला.

वेत दाट होता. एकमेकांत गुंतलेला, काटेरी, वर झाडांच्या अंगावर चढलेला. डावरी इथं लहानपणापासून आली होती, पण मोळ्या वाहायला. कापायचा तो आत्यानं. कोयत्याची मूठ आत्याच्या उजव्या तळव्याबरहुकूम झिजलेली होती. डावरीच्या डाव्या हातात ती नीट बसेना, सतत फिरायची.

आत्यानं बाटली काखेत धरली आणि बोट केलं. "तो. पिवळा पडलाय बघ, साल सुटलीय. त्याच्या मागचा नको. तो अजून पोर आहे, दोन वर्षं तरी हवीत त्याला."

"हा?"

"अगं तो नव्हे, त्याच्या अलीकडचा. थांब, मी…" आत्याचा हात कोयत्याकडे गेला. फाटकवाला खाकरला. हात मागं आला.

डावरीनं काटे बाजूला सारले, जोर लावून घाव घातला. मूठ फिरली. वेत सरसरत खाली आला, आणि तो खाली आला तेव्हाच तिला कळलं. वेताचं कापलेलं तोंड पांढरं होतं, ओलं होतं, त्यातून पाणी ठिबकत होतं. पिकलेला वेत तिथंच उभा होता, जसाच्या तसा, बोटाच्या टोकावर.

ती मान खाली घालून वाट बघत राहिली. आता आत्या तिच्या सात पिढ्या काढणार होती. आंधळी म्हणणार होती, म्हशीची उपमा देणार होती, तुझ्या बापालाही हेच जमत नव्हतं म्हणणार होती. डावरीला ते सगळं हवं होतं. रानात फक्त फाटकवाल्याच्या नव्या बुटांचा आवाज येत होता.

आत्यानं बाटलीचं झाकण काढलं आणि बाटली पुढं केली. "पाणी घ्या," ती म्हणाली.

"आत्या, असं काय गं? शिव्या दे ना मला."

"शिव्या?" आत्यानं फाटकवाल्याकडे बघून विचारलं. "त्या आहेत का हो माझ्या कामांत?"

फाटकवाल्यानं ओळखपत्राची मागची बाजू नीट तपासली.

"नाहीत," तो म्हणाला.